खटला एका शिडीचा, प्रश्न बाकीच्या शिड्यांचा

(पत्रलेखकाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. पत्र थोडक्यात असं:)

मी आणि माझा मोठा भाऊ घडीच्या शिड्या बनवायचा छोटा कारखाना चालवतो. बारा माणसं कामाला आहेत. पाच महिन्यांपूर्वी आमच्या शिडीवरून पडून एका बाईंचा खुबा मोडला. लॉक उघडलं आणि उभी शिडी मिटली, असं त्यांचं म्हणणं आहे. शिडी त्यांनी विकत घेतलेलीही नव्हती, शेजाऱ्यांकडून मागून आणली होती. आता त्यांच्या वकिलाची नोटीस आली आहे. भरपाईचा आकडा आमच्या वर्षभराच्या नफ्यापेक्षा मोठा आहे.

नोटीस आल्यावर मी जुन्या नोंदी काढल्या. त्या 340 शिड्यांच्या बॅचच्या वेळी नेहमीचे रिव्हेट (लॉकचे भाग जोडणारे धातूचे खिळे) संपले होते, म्हणून दुसऱ्या पुरवठादाराकडून आणलेले जरा बारीक रिव्हेट लावले होते. लॉक सैल असल्याच्या दोन तक्रारीही अपघाताआधी आल्या होत्या. आम्ही शिड्या बदलून दिल्या आणि विषय संपवला. भावाला हे दाखवलं तर तो म्हणाला, "हे कुणापुढे बोलू नकोस." वकील सांगतात, बाईंना फोन करायचा नाही, भेटायला जायचं नाही, सॉरी तर अजिबात म्हणायचं नाही, म्हटलं की कबुली झाली. शिडी चुकीच्या पद्धतीने वापरली असं उत्तर ते देणार आहेत. भाऊ असंही म्हणतो की फारच अंगाशी आलं तर ही कंपनी बंद करू आणि दुसऱ्या नावाने काढू. कंपनी वेगळी, आपण वेगळे.

आम्ही मुद्दाम काही केलेलं नाही. तरी मला झोप लागत नाही. कायदा वेगळा, नीती वेगळी, धंद्यात कायद्यापुरतं बघावं, असं भाऊ म्हणतो. त्याचं ऐकू की मनाचं?

---

नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एका आकड्यापाशी अडकले. 340. त्यातली एक शिडी मिटली, दोन परत आल्या. उरल्या 337. पत्रात त्यांचा पुन्हा उल्लेख नाही. काही अजून डीलरकडे उभ्या असतील, बाकीच्या लोकांच्या घरात. तुम्ही हे वाचत असताना त्यातल्या एखादीवर कुणी बल्ब बदलायला चढलंही असेल.

तुमच्या डोक्यात सध्या फक्त ती नोटीस आहे आणि ते साहजिक आहे, कारण नोटिशीला मुदत असते, तिच्यावर वकिलाची सही असते, ती भीती दाखवते. त्या 337 शिड्यांनी अजून कुणालाही नोटीस पाठवलेली नाही. म्हणून तुमच्या प्रश्नाचा क्रम मी उलटा करते. खटला लढा, मिटवा, वर्षभर चालवा, पण त्या शिड्यांचं काय करायचं ते खटल्याच्या निकालावर ठेवू नका. उरलेली विक्री आज थांबवा. डीलरना बॅच क्रमांक कळवा. ज्यांनी ती शिडी नेली त्यांच्यापर्यंत एक सरळ वाक्य पोचू द्या: ही शिडी वापरू नका, आम्ही ती बदलून देतो.

प्राचीन बॅबिलोनचा राजा हामुराबी याच्या कायद्यांच्या संहितेतली एक ओळ सगळ्यांना माहीत असते: घर कोसळून मालक मेला तर बांधणाऱ्याला मृत्युदंड. सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वीचा कायदा, त्यामुळे अंगावर काटा येणारच. पण त्याच यादीत थोडं पुढे एक कलम आहे, ते फारसं कुणी सांगत नाही. भिंत कलायला लागलेली दिसली तर बांधणाऱ्याने ती स्वखर्चाने पक्की करून द्यावी. कुणी मेलेलं नाही, कुणी जखमी नाही, भिंत अजून उभी आहे, तरी जबाबदारी सुरू झालेली आहे. तुमच्या पत्राला या कलमाइतकं नेमकं उत्तर मला दुसरं सापडलं नाही.

तुमचा भाऊ लगेच विचारेल, मला माहीत आहे: "माल परत मागवला की आम्हीच चूक कबूल केली असं होणार नाही का?" भीती खोटी नाही. पण ती फार जुनी आहे आणि न्यायाधीशांनी तिचा विचार केलेला आहे. 1869 साली इंग्लंडमधले न्यायाधीश ब्रॅमवेल म्हणाले होते, त्याचा आशय असा: वय वाढतं तसं जग शहाणं होतं, म्हणून आधी ते मूर्ख होतं असं ठरत नाही. अमेरिकेच्या केंद्रीय पुरावा नियमांत तर 407 क्रमांकाचा नियमच आहे, की अपघातानंतर केलेली दुरुस्ती ही हलगर्जीपणाचा पुरावा म्हणून वापरता येत नाही. कारण साधं आहे. दुरुस्ती करणाऱ्यालाच शिक्षा झाली तर कोण दुरुस्ती करेल? प्रत्येक देशात नियम असाच असेल असं नाही, म्हणून शिड्या परत मागवण्याचा मजकूर वकिलांना दाखवून घ्या. मजकूर त्यांच्या सल्ल्याने ठरू दे, पण तो पाठवायचा की नाही हा निर्णय त्यांचा नाही. आणि उद्या आणखी कुणी पडलं तर, ज्याला दोष माहीत होता आणि ज्याने काही केलं नाही, अशा माणसाच्या जागी तुम्ही उभे असाल. तिथे कुठलाच नियम मदतीला येत नाही.

आता वकिलांकडे वळू. मी स्वतः बरीच वर्षं वकिली केली आहे आणि "एक अक्षर बोलू नका" हे वाक्य मी किती अशिलांना सांगितलं असेल याची गणती नाही. त्यामुळे तुमच्या वकिलांना खलनायक ठरवायला मी तयार नाही. पण पत्रात एक गोष्ट दिसत नाही. रिव्हेटचं तुम्ही भावाला सांगितलंत. वकिलांना सांगितलंत का? "चुकीच्या पद्धतीने वापरली" हे उत्तर ते लिहिणार आहेत, ते कदाचित त्यांना काहीच माहीत नाही म्हणून. वकिलाला सांगितलेलं बहुतेक ठिकाणी कायद्याने गुप्त राहतं. त्याची सोयच त्यासाठी केलेली आहे. अर्धी हकिगत ऐकून लिहिलेलं उत्तर उलटतपासणीत कसं कोसळतं ते मी कोर्टात बसून पाहिलं आहे. दोन तक्रारींची कागदपत्रं समोरच्याच्या हाती लागली, आणि ती लागतात, तर तुमच्या बाजूच्या खऱ्या मुद्द्यांवरही कुणी विश्वास ठेवणार नाही.

इथे एक रेघ ओढून घ्या. गप्प बसणं आणि खोटं बोलणं यांत फरक आहे. "सध्या आम्ही चौकशी करत आहोत, दाव्यातला मजकूर आम्ही मान्य केलेला नाही" असं लिहिणं हा तुमचा हक्क आहे. ज्या बाईंनी शिडी कशी उभी केली हे तुम्हाला माहीत नाही, त्यांनी ती वाकडी उभी केली असं लिहिणं हा हक्क नाही. पहिल्यात तुम्ही स्वतःचा बचाव करता. दुसऱ्यात मोडलेल्या खुब्याचं खापर तिच्याच डोक्यावर फोडता.

विम्याचं विसरू नका. उत्पादनामुळे होणाऱ्या इजेचा विमा तुमच्याकडे असेल तर पॉलिसी काढून वाचा. विमा कंपनीला ताबडतोब कळवा, कारण उशिराने कळवणं हेच दावा नाकारायला निमित्त होऊ शकतं. अनेक पॉलिसींमध्ये अट असते की आमच्या संमतीशिवाय जबाबदारी मान्य करायची नाही. वकिलांच्या "सॉरी म्हणू नका"मागे बरेचदा हीच अट असते, दगडाचं काळीज नव्हे.

पण सॉरी म्हटलं की कबुली झाली, हे सगळीकडे खरं नाही. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने 1986 साली असा नियम केला की अपघातानंतर व्यक्त केलेली सहानुभूती जबाबदारीची कबुली म्हणून वापरता येणार नाही. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाने 2006 साली माफीनाम्याचा स्वतंत्र कायदा केला. त्याच वर्षी इंग्लंडच्या भरपाई कायद्यात कलम आलं, की नुसती माफी मागणं किंवा उपचारांची तयारी दाखवणं म्हणजे हलगर्जीपणा मान्य करणं नव्हे. हाँगकाँगने 2017 साली तसाच कायदा केला. इतक्या ठिकाणी कायदे करावे लागले यावरूनच कळतं की माणसं आतून माफी मागायला तयार होती आणि वकील त्यांचा हात धरून ठेवत होते. तुम्हाला लागू असलेला कायदा काय म्हणतो ते वकिलांना नेमकं विचारा. "माफी मागू का?" असं विचारलंत तर उत्तर "नको" येईल. "मला या बाईंशी माणसासारखं बोलायचं आहे, ते कुठल्या शब्दांत, कुणामार्फत, हक्कांना बाधा न येता करता येईल?" असं विचारा. चांगला वकील या प्रश्नावर खुर्चीत पुढे सरकतो. मला क्वचितच कुणी तो विचारला.

बाईंना काय हवंय याबद्दल तुमच्या पत्रात एकच गोष्ट आहे, त्यांनी मागितलेला आकडा. त्यावरून त्या पैशांच्या मागे आहेत असं तुम्हाला, निदान तुमच्या भावाला, वाटतंय. 1994 साली ब्रिटनमधल्या काही संशोधकांनी डॉक्टरांवर दावा लावणाऱ्या 227 रुग्णांना आणि नातेवाइकांना विचारलं होतं की तुम्ही कोर्टात का गेलात. भरपाई हे एक कारण होतंच. पण त्याच्या जोडीला आणखी तीन येत होती: पुन्हा कुणाच्या वाट्याला हे येऊ नये, नेमकं काय घडलं ते कुणीतरी सांगावं, आणि ज्याची चूक त्याने ती पत्करावी. मिशिगन विद्यापीठाच्या रुग्णालयांनी 2001 पासून चुका लपवण्याऐवजी रुग्णाला सांगायच्या, चूक असेल तर आपणहून भरपाई द्यायची आणि नसेल तर ठामपणे लढायचं असं धोरण धरलं. त्यानंतर त्यांच्यावरचे दावे कमी झाले. सगळं श्रेय त्या धोरणालाच, असं मी म्हणणार नाही. पण बोलल्याने दावे वाढतात ही जी समजूत आहे, ती तरी तिथे खरी ठरली नाही.

आणि तो कॉफीचा खटला. धंदेवाईक माणसांसमोर भरपाईचा विषय काढला की कुणीतरी हसत सांगतंच: अमेरिकेत एका बाईने मांडीवर कॉफी सांडली आणि लाखो डॉलर मिळवले. खरी हकिगत ऐका. 1992 साली 79 वर्षांच्या एका आजींच्या मांडीवर मॅकडोनाल्ड्सची कॉफी सांडली. ती 80 अंश सेल्सिअसच्याही वर होती. त्यांना भाजल्याच्या तिसऱ्या दर्जाच्या, म्हणजे खूप खोल, जखमा झाल्या, आठ दिवस रुग्णालयात काढावे लागले, त्वचारोपण करावं लागलं. त्यांनी आधी 20,000 डॉलर मागितले होते. कंपनीने 800 देऊ केले. खटल्यात बाहेर आलं की त्याआधीच्या दहा वर्षांत भाजल्याच्या 700 हून जास्त तक्रारी कंपनीकडे आलेल्या होत्या. 1994 साली ज्युरीने 2 लाख डॉलर भरपाई ठरवली, आजींची स्वतःची चूक 20 टक्के धरली आणि रक्कम 1 लाख 60 हजारांवर आणली. वर 27 लाखांची दंडात्मक भरपाई लावली, ती न्यायाधीशांनी 4 लाख 80 हजारांवर उतरवली. शेवटी दोघांनी आपापसात मिटवलं.

यातून तुमच्यासाठी दोन गोष्टी निघतात आणि त्या एकमेकींच्या विरुद्ध दिशेला जातात. एक, समोरच्याची चूक असेल तर ती मोजली जाते. बाईंनी खरोखरच शिडी ओल्या, उतरत्या फरशीवर उभी केली असेल, तर तसं सांगणं गैर नाही, आणि नोटिशीतला आकडा जसाच्या तसा मान्य करायलाही तुम्ही बांधलेले नाही. रुग्णालयाची बिलं मागा, बुडालेल्या कमाईचा हिशेब मागा. दावा लढणं पाप नव्हे. दोन, ज्युरीला राग आला तो कॉफीच्या तापमानाचा नाही, त्या 700 तक्रारींचा. तुमच्याकडे दोन आहेत. दोन म्हणजे 700 नव्हेत, हे मी मान्य करते. पण पहिली तक्रार येईपर्यंत रिव्हेटचा प्रश्न तुम्हाला माहीत नव्हता. ती आल्यानंतर "आम्हाला काय ठाऊक" हे वाक्य तुमच्या हातून गेलं.

"आम्ही मुद्दाम काही केलेलं नाही." पत्रात हे वाक्य तुम्ही वेगवेगळ्या शब्दांत तीन वेळा लिहिलं आहे (छापताना दोनदा गाळलं). मला ते शंभर टक्के पटतं. अडचण एवढीच की या प्रकारचा कायदा तुम्हाला तो प्रश्न विचारतच नाही. फौजदारी कायदा सहसा हेतू शोधतो, कारण त्याला शिक्षा द्यायची असते. भरपाईचा कायदा वेगळं विचारतो: नुकसान तर झालेलं आहे, खुबा मोडलेला आहे, ते ओझं आता कुणी उचलायचं? कुणीच उचलायचं नाही असा पर्याय इथे नसतो. तुम्ही नाही उचललं तर ते आपोआप बाईंच्याच अंगावर राहतं. ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलने याची मांडणी भूमितीसारखी केली आहे. एक रेघ दोघांत असमान वाटली गेली तर न्यायाधीश मोठ्या तुकड्यातला जादा भाग काढून लहान तुकड्याला जोडतो. आणि त्याने हेही सांगितलंय की चांगल्या माणसाने वाईट माणसाला लुबाडलं की वाईटाने चांगल्याला, याने इथे काही फरक पडत नाही. तुम्ही सज्जन आहात आणि त्या बाई कदाचित भांडखोर असतील. पण रेघेला त्याचं काही नसतं.

अमेरिकेत 1963 साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयासमोर एक खटला आला होता, तो तुम्हाला ओळखीचा वाटेल. एका माणसाला त्याच्या बायकोने लाकूडकामाचं यंत्र भेट दिलं होतं. चालू यंत्रातून लाकडाचा तुकडा उडाला आणि त्याच्या कपाळावर बसला. भाग धरून ठेवणारे स्क्रू पुरेसे पक्के नव्हते, यंत्राच्या नेहमीच्या थरथरीनेच ते सैल व्हायचे, असं तज्ज्ञांनी सांगितलं. न्यायमूर्ती ट्रेनर यांनी ठरवलं की सदोष वस्तू बाजारात आणली आणि तिने माणूस जखमी झाला, तर उत्पादक जबाबदार. हलगर्जीपणा वेगळा सिद्ध करण्याची गरज नाही. स्वतःला वाचवण्याचं साधन ज्याच्याकडे नाही, त्याच्यावर नुकसान टाकण्यापेक्षा वस्तू बनवणाऱ्यावर टाकावं, हा त्यामागचा विचार. बनवणारा काळजी घेऊ शकतो, विमा काढू शकतो, खर्च किमतीत वाटू शकतो. शिडीवर चढणाऱ्याला यातलं काहीच करता येत नाही. रिव्हेट मोजायला तो कॅलिपर घेऊन चढत नाही. सदोष वस्तूबद्दल उत्पादकाची जबाबदारी सांगणारं एक अख्खं प्रकरण भारताच्या 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यातही आहे, आणि वस्तूचा गैरवापर किंवा तिच्यात केलेला फेरफार हे बचावही त्यात दिलेले आहेत.

"शिडी त्यांनी घेतलेलीही नव्हती" हे तुम्ही सहज लिहून गेलात, पण त्यात थोडी आशा लपलेली दिसते. ती सोडून द्या. डोनोह्यू विरुद्ध स्टीव्हन्सन हा खटला नेमका यावरच होता. 1928 साली स्कॉटलंडमधल्या पेस्ली गावात एका बाईने जिंजर बिअर प्यायली. काळपट बाटलीतून कुजलेली गोगलगाय निघाली, असं तिचं म्हणणं. बाटलीचे पैसे तिने दिले नव्हते, मैत्रिणीने दिले होते. म्हणजे विकणाऱ्याशी करार नाही, बनवणाऱ्याशी तर नाहीच. 1932 साली हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचं ब्रिटनचं सर्वोच्च न्यायालय) तीन विरुद्ध दोन मतांनी ठरवलं की करार नसला तरी बनवणाऱ्याचं तिच्याप्रती कर्तव्य आहे. मजेची गोष्ट म्हणजे बाटलीत खरोखर गोगलगाय होती का, हे कोर्टात कधी सिद्ध झालंच नाही. प्रकरण नंतर आपसात मिटलं. न दिसलेल्या त्या गोगलगायीवर जगभरचा उत्पादकांचा कायदा उभा आहे.

तुमच्या भावाच्या वाक्याचं उत्तर मला याच निकालात सापडतं. त्यातले एक न्यायाधीश लॉर्ड ॲटकिन यांनी तिथे बायबलमधला प्रश्न घेतला, शेजारी कोण? शेजाऱ्यावर प्रेम कर, असं धर्म सांगतो. कायद्यात त्याचं होतं, शेजाऱ्याला इजा करू नकोस. आणि शेजारी म्हणजे कोण, याचं उत्तर कायदा जरा आखूड देतो: माझ्या कृतीचा परिणाम ज्याच्यावर होईल हे मला आधी दिसायला हवं, तो. म्हणजे कायद्याने नीतीचंच कापड घेतलं आणि कोर्टाला मोजता येईल अशा मापात कापलं. अंगरखा तोकडा आहे, पण कापड दुसऱ्या ठाणातलं नाही. तुमचा भाऊ म्हणतो "कायद्यापुरतं बघावं". बघा की! कायद्यापुरतं बघितलं तरी त्यात ती शिडी मागून नेणारी बाई येते.

भावाची बाजू मांडणारे मोठे लोकही आहेत, नाही असं नाही. अमेरिकेचे न्यायमूर्ती होम्स 1897 सालच्या एका भाषणात म्हणाले की कायदा समजून घ्यायचा असेल तर तो वाईट माणसाच्या नजरेने पाहा. त्याला नीतीशी घेणंदेणं नसतं, कोर्ट आपलं काय करेल एवढंच त्याला हवं असतं. वकिली शिकायला ही नजर फार उपयोगी आहे, मी तिच्यावरच पोट भरलं. पण त्याच भाषणात त्यांनी हेही सांगितलं की समाजाच्या नैतिक जगण्याचा बाहेर साचलेला थर म्हणजे कायदा. पहिला भाग सगळे वकील पाठ करतात.

आता "कंपनी वेगळी, आपण वेगळे". आधी एक साधा प्रश्न. तुमची कंपनी खरंच नोंदलेली मर्यादित कंपनी आहे, की दोघा भावांची भागीदारी आहे आणि बोलताना तिला कंपनी म्हणता? भागीदारी असेल तर सहसा भागीदारांच्या खासगी मालमत्तेपर्यंत हात पोचतो आणि भावाचा सगळा बेतच चुकतो. नोंदलेली कंपनी असेल, तर ती वेगळी व्यक्ती असते हे खरं. 1897 साली सॉलोमन नावाच्या बूट बनवणाऱ्याच्या खटल्यात हे पक्कं झालं. कंपनी बुडाली, देणेकऱ्यांचे पैसे अडकले, तरी न्यायालयाने तिची देणी सॉलोमनच्या अंगावर टाकली नाहीत. पण त्याला संरक्षण मिळालं कारण त्यात फसवणूक सापडली नाही. दावा दिसू लागल्यावर मशिनरी नव्या नावाखाली हलवणं हा अगदी वेगळा प्रकार आहे. अशा वेळी कंपनीचा पडदा बाजूला सारून न्यायालयं मागच्या माणसांपर्यंत पोचू शकतात. मर्यादित जबाबदारी ही सवलत समाजाने दिली ती माणसांनी धाडस करून धंदा काढावा म्हणून. धंद्यात खोट आली तर घर जाऊ नये, एवढाच तिचा हेतू. कंपनी प्रामाणिकपणे बुडाली तर तिच्या आड उभं राहण्यात लाज नाही. मुद्दाम बुडवण्यात आहे, आणि धोकाही आहे.

थोडं कारखान्याच्या आतलं. तुम्ही लिहिलं नाही, पण असे प्रसंग मी पाहिले आहेत, म्हणून सांगते: स्टोअर सांभाळणाऱ्या किंवा रिव्हेट ठोकणाऱ्या माणसावर हे ढकलू नका. नेहमीचा माल संपला असताना काम थांबवायचं नाही हे कुणी ठरवलं होतं? बाहेरच्या माणसासाठी नोकराच्या कामाची जबाबदारी मालकाची असते. पुरवठादाराने सांगितलेल्या मापापेक्षा बारीक माल दिला असेल तर त्याच्याकडून वसूल करा, जरूर करा, पण ते तुमचं आणि त्याचं भांडण. ते संपेपर्यंत बाईंनी थांबावं असं नाही. तुटलेलं लॉक, उरलेले रिव्हेट, खरेदीची बिलं, तक्रारींचे मेसेज, सगळं जपून ठेवा. भाऊ म्हणाला "बोलू नकोस", तिथपर्यंत एक वेळ ठीक. "डिलीट कर" म्हणाला तर ऐकू नका. गहाळ झालेला कागद कोर्टात हजर असलेल्या कागदापेक्षा वाईट बोलतो.

पैशांची भीती मी हलकी धरत नाही. बारा कुटुंबं त्या कारखान्यावर आहेत आणि तुम्ही सगळं मान्य करून शटर ओढलंत तर त्यांचंही नुकसान आहे. म्हणून माझा कल मध्यस्थीकडे आहे. तिथे हप्ते ठरवता येतात, उपचारांचा खर्च आधी आणि बाकीचं नंतर असं करता येतं, आणि कोर्टाचा हुकूमनामा जे कधीच देऊ शकत नाही ते देता येतं: समोरासमोर बसून काय झालं ते सांगणं. तिथलं बोलणं सहसा पुढे खटल्यात वापरता येत नाही, पण आत शिरण्याआधी ते लेखी ठरवून घ्या. शिड्या परत घेण्याचा खर्च भावाला डोंगराएवढा वाटत असेल तर त्याच्यासमोर कागदावर हिशेब मांडा. सगळ्या शिड्या नव्याने द्यायच्या, की लॉक काढून रिव्हेट बदलून द्यायचे? दुसरं बरंच स्वस्त पडेल. अमेरिकेचे न्यायमूर्ती लर्नेड हँड यांनी 1947 साली काळजी घेण्याचं एक गणितच घालून दिलं: खबरदारीचा खर्च एका पारड्यात, अपघाताची शक्यता गुणिले संभाव्य नुकसान दुसऱ्यात. पहिलं हलकं असूनही खबरदारी घेतली नाही तर तो हलगर्जीपणा. माणसाच्या खुब्याचा असा गुणाकार करणं मला फारसं रुचत नाही. पण तुमच्या भावाला हिशेबाची भाषा कळते, आणि या हिशेबात रिव्हेट कुठल्या पारड्यात बसतो ते त्याला बोट दाखवून सांगावं लागणार नाही.

भावाशी बोलताना "तुझी नीती आणि माझी नीती" असा वाद घालू नका. तो धाकट्याने थोरल्याला शिकवण्याचा प्रसंग होईल आणि तिथेच फिसकटेल. त्याला घेऊन वकिलांकडे जा आणि रिव्हेटची हकिगत त्याच्यासमोर सांगा. तरी तो शिड्या परत घ्यायला नाही म्हणाला, तर तुमचं म्हणणं तारखेसह लेखी नोंदवा आणि डीलरना तुमच्या नावाने कळवा. भागीदार म्हणून तेवढा अधिकार तुम्हाला आहे की नाही हेही त्याच भेटीत वकिलांना विचारून घ्या.

बाईंसाठी दोन वाक्यं सुचवते, वकिलांकडून तपासून मगच पाठवा: "आमच्या शिडीवरून पडून तुम्हाला इतकं सोसावं लागलं याचं आम्हाला फार वाईट वाटतं. काय झालं ते आम्ही शोधतो आहोत आणि जे सापडेल ते तुमच्यापासून लपवणार नाही." दुसरं वाक्य पाळायची तयारी नसेल तर पहिलंही पाठवू नका.

आणि एक राहिलं. ज्या दोघांच्या शिड्या तुम्ही बदलून दिल्या, त्यांना दिलेल्या शिड्या कुठल्या बॅचच्या होत्या? परत आलेल्या दोन कुठे आहेत, गोदामात की लॉक घट्ट करून पुन्हा विकल्या? आज डीलरना फोन लावायच्या आधी हे पाहून घ्या.